झाकणाच्या आतली सही

१२ जानेवारी २०२५, रविवार

बतूलची साखर आज बरी. गुडघा मात्र तसाच, जिना उतरताना दर पायरीला अल्लाचं नाव. सूनबाईला, सनाला, पाचवा लागलाय. पाय थोडे सुजतात, पण जेवते नीट. माझा खोकला आहे तिथेच आहे, जुना भाडेकरू. आणि मुझम्मिल — ताप नाही, पडसं नाही, तरी पोरगा चार घास खाऊन उठला.

कारण ते काळं मशीन. ऑफिसच्या इमारतीत वायरिंगचं काम निघालंय म्हणून घरी आणलंय. पोरं गेम खेळतात ते बाजारातलं मशीन नव्हे, हे गेम बनवणाऱ्यांचं. परदेशी कंपनी ऑफिसला वापरायला देते, विकत नाही. मुझम्मिल दोन वर्षं जो गेम बनवतोय तो ह्याच्यावरच चालतो. गुरुवारी पाहुणे यायचेत, डिस्क घालून गेम दाखवायचाय. आणि मशीन डिस्क गिळतं, गुरगुरतं, परत थुंकतं.

म्हटलं, बघू का जरा?

"नको अब्बा. बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही. ऑफिसने कंपनीला तसं लिहून दिलंय."

बाहेरचा माणूस म्हणे. मी!

१३ जानेवारी

हात शिवशिवतायत. नुसता बसून आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

उघडलं.

मुझम्मिल मीटिंगला गेला, सासू-सुना दवाखान्यात. एका स्क्रूवर कंपनीचं स्टिकर होतं. सनाच्या केस वाळवायच्या मशीनने गरम केलं, अख्खं निघालं, नख लागलं नाही. आत डिस्क फिरवणारी मोटर मेलेली. एवढंच! माझ्या दुकानात त्याच कंपनीचं घरगुती मशीन पडून होतं, दुरुस्तीला टाकून गिऱ्हाईक फिरकलंच नाही. त्याचा डिस्क ड्राइव्ह काढला, ह्यात बसवला. मापात बरोबर बसला, पण मशीन त्याला ओळखच देईना.

चहा घेतला तेव्हा डोक्यात आलं. ड्राइव्हखाली एक हिरवा बोर्ड असतो. त्याचा आणि मशीनच्या मोठ्या बोर्डाचा कारखान्यातच निकाह लावलेला. दुसरा आणून उभा केला तर घरात घेईल का? मग जुन्याचा बोर्ड सोडवला, नव्याच्या पोटाखाली टाकला, तारा जोडल्या. डिस्क घातली. अशी सरकली आत, जशी लोण्यात सुरी.

बंद करायच्या आधी झाकणाच्या आत काळ्या मार्करने नाव आणि तारीख. आमच्या दुकानाची रीतच आहे, जो उघडेल त्याने आत सही करायची. पुढच्या मेकॅनिकला कळायला हवं, शिव्या कुणाला घालायच्या. मुझम्मिल लहान होता तेव्हा एका मिक्सरचा त्याने एकच स्क्रू काढला होता, तरी सही ठोकली होती माझ्याआधी.

संध्याकाळी त्याने मशीन लावलं. पडद्यावर समुद्र आला, होडी आली. ओरडला नाही. डिस्क काढून पुन्हा घालून पाहिली. मग म्हणाला, "अब्बा, हे कुणाला सांगू नका."

१६ जानेवारी

पाहुणे खूश. घरी येताना बिर्याणी घेऊन आला. मला पहिला तुकडा वाढला. आज मी बादशहा.

२० फेब्रुवारी

कंपनीने जुनी मशीनं तपासणीसाठी परत मागवलीत. आपलंही उद्या जाणार म्हणून मुझम्मिल ते पुन्हा घरी घेऊन आला. माझा बारका स्क्रू ड्रायव्हर मागितला. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणे. खोलीचं दार लावून बसला होता. बतूल म्हणते, "ह्या खोलीत स्पिरिटचा वास कसला येतोय?"

८ मार्च, शनिवार

मुझम्मिलची नोकरी गेली.

इफ्तारला बसलो होतो. खजूर हातात धरून सांगितलं त्याने. ड्राइव्हच्या अंगावर नंबर असतो, तो कंपनीच्या नोंदीशी जुळला नाही. मशीन उघडलंय हे त्यांना कळलं.

म्हटलं, मी येतो, साहेबांना सांगतो, माझ्या हातून झालंय.

"तुम्ही ह्यात नाही अब्बा. कुणाशी बोलायचं नाही. माझी शपथ."

आवाज असा की सना पाणी आणायला म्हणून उठून गेली.

१२ मार्च

दुसऱ्या गेमवाल्या ऑफिसांतून नकारच आले. ह्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. आजपासून मुझम्मिल कळंबोलीला, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. कुठली गाडी कुठे गेली ते कॉम्प्युटरवर चढवायचं. घरी आला तेव्हा शर्टावर लोखंडाची धूळ. होडीचा गेम आता दुसरं कुणी पुरं करतंय.

माझ्याशी बोलतो. "औषध घेतलं का," विचारतो. हेच सहन होत नाही. चिडला असता तर बरं होतं.

१७ मार्च

बतूलला म्हटलं, मी जाऊन खरं सांगतो. नोकरी परत मिळेल पोराला.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुझम्मिलचे अब्बा, त्याने नको म्हटलंय ना? झाकली मूठ असू दे. एकदा हात घातलात तेवढा पुरे झाला."

बोलली ते झोंबलं. पण बापाच्या चुकीची शिक्षा पोराने भोगायची, हा कुठला न्याय? तीन महिन्यांनी त्याच्या घरात पाळणा हलायचाय.

२० मार्च, गुरुवार

जाऊन आलो. महापेला त्यांचं ऑफिस. साहेब बाहेर गेले होते. घरूनच पत्र लिहून नेलं होतं, चांगल्या अक्षरात. मुझम्मिलने मशीनला हात लावलेला नाही. तो घरी नसताना मी, त्याचा बाप, बाहेरचा माणूस, ते उघडलं. खोटं वाटत असेल तर झाकणाच्या आत माझी सही आहे, बघा. शेवटी लिहिलं, मुलगा फार चांगला आहे, उत्तर लवकर कळवावे ही विनंती.

काउंटरवरच्या मुलीने वाचलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, साहेबांना देते, आणि मशीनवाल्या कंपनीलाही आजच फोटो काढून पाठवते. भली पोर. खुर्ची दिली, पाणी दिलं.

किती दिवसांनी छाती मोकळी झालीय. मुझम्मिलला एवढ्यात सांगणार नाही. साहेबांचाच फोन येऊ दे त्याला.

२३ मार्च, रविवार

मुझम्मिलबरोबर काम करायची ती सुचिता आली होती, सनाला बघायला. मुझम्मिल ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. सरबत घेतलं, मग डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "काका, त्याने खोटं बोलून टाळलं नाही, म्हणून आम्ही सगळे टिकलो. ऑफिसमधल्याच माणसाने उघडलं, म्हणून एकटा तो गेला. बाहेरच्या कुणाचा हात लागला असता ना, तर आमची सगळीच मशीनं काढून घेतली असती. ऑफिसलाच टाळं. म्हणून आता कुणी विषयच काढत नाही."

मोबाइलवर फोटो दाखवला, कंपनीने पाठवलेला. झाकणाची आतली बाजू. माझी सही नाही. तिथे पुसल्याचा धुरकट डाग, आणि डागावर काळ्या मार्करने, त्याच्या अक्षरात — मुझम्मिल कासिम तुंगेकर, १४ जानेवारी.

नंबर जुळणार नाही हे पोराला आधीच ठाऊक होतं.

सुचिता गेली. पत्र तीन दिवसांपूर्वीच गेलंय, कंपनीलाही. उत्तर लवकर कळवा म्हणून मीच लिहिलंय.