दुर्बीण की चिरा

४ जून

गुंडीला हर्निया आहे! ताई तिला आंघोळ घालत होती, तेव्हा उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसली म्हणे. दवाखान्यात आणली तर गाठ गायब. तीन वर्षांची पोर, तोंड मिटून बसलेली. शेवटी फुगा दिला. गाल फुगवून फुंकलं, पोटाला जोर आला आणि आली की गाठ वर! मग डावी बाजूही तपासली. दोनदा. काही नाही.

ताई घाबरली नाही. म्हणाली, "आपल्या घरात डॉक्टर आहे." ती डॉक्टर म्हणजे मी!

६ जून

माझा प्रबंध नेमका याच्यावरच, नशीब बघा. एक पद्धत चिऱ्याची: जांघेत लहान छेद घेऊन हर्नियाची पिशवी मोकळी करायची आणि मुळाशी बांधायची. दुसरी दुर्बिणीची: बेंबीतून आत बघत भोक आतूनच बंद करायचं, दुसरी बाजूही दिसते. कुणाला कुठली हे चिठ्ठी ठरवते. पाकिटांची पेटी आहे, आईनेच एक उचलायचं. उजेडात धरून कुणी आतलं वाचू नये म्हणून प्रत्येक पाकिटात मी काळा कार्बन घातलाय. केवढी हुशार!

ताई कपडे शिवते (पोरीला गुंडी म्हणतो ते त्यामुळेच). तिला दोन्ही पद्धती समजावल्या. "म्हणजे एक बाहेरून उसवून शिवायची, एक आतून. तू कुठली करशील?"

दोन्ही चांगल्या, मी म्हणाले. रोज आयांना म्हणते तसंच.

"ते झालं गं. कुठली?"

उद्या सरांना विचारते, म्हटलं.

७ जून

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांकडे गेले, शस्त्रक्रिया तेच करतात. ते म्हणाले, "भाचीला अभ्यासाबाहेर ठेव. चिठ्ठी नको. तुला हवी ती पद्धत सांग, मी करतो."

केवढा भार उतरला. दुर्बीण म्हणणार होते. दुसरी बाजू दिसली की जिवाला स्वस्थता.

मग जेवताना मनात आलं. इतक्या आयांना मी पेटी पुढे केली. त्यांच्या पोरींसाठी दोन्ही सारख्या, आणि माझ्या भाचीसाठी नाहीत?

८ जून

ताईला सगळं सांगितलं. ती धागा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरींना पेटी आणि आपल्या पोरीला मावशीची मर्जी, होय? चांगलं शिकवलं तुला!"

"तसं नाही गं—"

"दोन्हीत धोका सारखाच ना?"

चिऱ्याच्या पद्धतीत नंतर दुसऱ्या बाजूला हर्निया येऊ शकतो. क्वचित. शंभरात पाच-सात.

"आणि दुर्बिणीत?"

भूल जरा मोठी. कधी कधी गाठ परत येते. तेही क्वचितच.

"मग आण ती पेटी."

सातवीत तिने शाळा सोडली. मग माझी फी भरली तिच्याच मशीनने. आणि वर मलाच धीर देते! मी कुठे फेडू हे?

११ जून

ताईने पाकीट उचललं. चिरा.

मी हसले. बहुतेक नीट हसले.

१४ जून

आज ऑपरेशन. मला आत जाऊ दिलं नाही. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "आज तू डॉक्टर नाहीस, मावशी आहेस. बाहेर बस आणि नखं खा." खाल्ली.

सर बाहेर आले ते टोपी काढतच. "नखाएवढा चिरा. पिशवी कागदासारखी पातळ होती, पण सुटली छान."

गुंडी शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य: "माझा फुगा कुठाय?" भूल देणाऱ्या बाईंनी हातमोजा फुगवून दिला. पाच बोटांचा फुगा! ताईने टाका बघितला, डोळे बारीक करून. "सरांना म्हणावं, काम सोडलं तर माझ्याकडे काजं करायला या."

सरांना सांगितलं. इतके हसले! कुणाकुणाचे आभार मानू? सरांचे, बाईंचे, ताईचे. आणि त्या पेटीचेसुद्धा.

२१ जून

जखम कोरडी. गुंडी पळते.

१८ जुलै

प्रबंधाचं अर्धं काम झालं. दोन्ही पद्धती बरोबरीत. आयांना "दोन्ही चांगल्या" म्हणताना आता आवाज कापत नाही. गुंडीमुळे.

३० ऑगस्ट

ताईचा फोन. गुंडी फुगा फुगवत होती आणि डाव्या जांघेत गाठ वर आली.

मला रडूच फुटलं. ताई म्हणाली, "पाकीट मी उचललं होतं, तू नाही. डोळे पूस. या खेपेला दुर्बीण घाला. आणि तुझ्या अभ्यासात हे लिही हं, लपवू नकोस. पुढच्या आईला कळायला हवं."

लिहिलं.

उद्या सकाळी एक आई येणार आहे. 'क्वचित' हा शब्द सावकाश म्हणायचा.