मधल्या अंगणातली कडू मेंदी

१८ जून
आज जेवताना हे म्हणाले, "या पावसाळ्यात दोन्हीकडे कुंपण लावून टाकू. पश्चिमेला वाऱ्यासाठी. आणि मध्ये... मध्ये आपलं आपलं."
मध्ये म्हणजे आमच्या आणि भाऊंच्या घरामध्ये. आजवर तिथे काहीच नाही. एकच अंगण, दोन ओटे.
"भरभर वाढणारं काहीतरी बघ. त्यांची तोंडं दिसायला नकोत. तुला झाडांतलं कळतं."
कळतं खरं! वडिलांची रोपवाटिका होती ना. मी भाकरी वाढली. मध्ये कुंपण आलं की भाऊंची आयुषी दिसणार नाही.

१९ जून
लिहून टाकते, म्हणजे डोकं हलकं होईल.
गेल्या जूनच्या वादळात आमची केळी आडवी झाली. तीन हजार खोडं, घड कापणीला आलेले. यांच्या थोरल्या भावांनी—भाऊंनी—त्याच वर्षी पश्चिमेची शेवरीची रांग तोडून तिथे केळी वाढवली होती. वारा थेट आत शिरला. बांधावर दोघं भाऊ एकमेकांना नको नको ते बोलले. तेव्हापासून अबोला. स्वयंपाक वेगळा, दार वेगळं.
आणि आयुषी पलीकडे.
ती जन्मली आणि अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आजारी पडल्या. उपचारासाठी धुळ्याला माहेरी राहिल्या—पावणेदोन वर्षं! बारा दिवसांचं पोर माझ्या मांडीवर दिलं होतं. अक्का परत आल्या तरी ती माझ्याच कुशीत झोपायची. थेट गेल्या जूनपर्यंत.
मला मूल नाही. हे वाक्य लिहिलं की खोटं बोलल्यासारखं वाटतं.

२३ जून
यावलला सत्तारचाचांच्या रोपवाटिकेत जाऊन आले. वडिलांचे जुने दोस्त. चहा पाजल्याशिवाय रोपं दाखवत नाहीत.
"देख बेटी, वाऱ्यापुढे भिंत घातली की तो वरून उडी मारतो अन् पलीकडे जाऊन गिरक्या घेतो. वाऱ्याला चाळणी पाहिजे. शेवरीच लाव. दिवाळीपर्यंत डोक्यावर जाईल."
पश्चिमेचं ठरलं. मग मधल्या कुंपणाचं विचारलं. भरभर वाढणारं कोनोकार्पसचं झाड त्यांनी ठेवणंच बंद केलंय—मुळं पाइपात घुसतात म्हणून लोक शिव्या देतात. कोपऱ्यात मधुकामिनी होती. काळीशार पानं. हात लावला तर सोडवेना.
"ही माणसाएवढी व्हायला किती दिवस?"
"दिवस? तीन-चार वर्षं धर. आळशी झाड आहे."
तीन-चार वर्षं! तोवर आयुषी दहाची होईल. कोणी अडवलं तरी स्वतःच्या पायांनी येईल. रोप तिथेच मांडीवर घेऊन बसले. चाचा हसायला लागले.

२४ जून
"चार वर्षं कोण थांबणार?" हे म्हणाले. भांडले नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हते.
कडू मेंदी ठरली. शेळ्या तोंड लावत नाहीत. छाटत ठेवली तरी वर्षात छातीएवढी होते. चाचांनी फोनवर बजावलं, "वीतभर फुटली की शेंडे मार, बेटी. नाही मारले तर वर पळेल अन् खाली उघडी राहील."

३ जुलै
लागवड झाली. पश्चिमेला शेवरी, मध्ये मेंदीच्या दोन ओळी, दीड-दीड फुटावर. एकशे चाळीस रोपं. खड्डे खणायला धुरपदाबाई होती. मध्येच कुदळ टेकून म्हणाली, "बठ्ठं झाकी टाकं ते वारा कथाईन ई, बाई?"
"वारा कुठून येणार काय? पश्चिमेचा अडवायचाच आहे," मी म्हटलं.
"मंग हाई कसाले शे?" हे कशाला, म्हणून तिने भाऊंच्या ओट्याकडे हात केला. मी पुढचं रोप उचललं.
आयुषी ओट्यावर उभी होती. शाळेचा गणवेश, एकच मोजा. दुसरा शोधायला ती नेहमी माझ्याकडे यायची. अक्कांनी आत बोलावलं.

२० ऑगस्ट
शेवरी माझ्या कानाला लागली. मेंदी गुडघ्याएवढी. शेंडे मारायचे राहिले.

२१ ऑगस्ट
राहिले नाहीत. मारले नाहीत.

६ ऑक्टोबर
चाचा म्हणाले तसंच झालं. मेंदी वर पळाली, खाली नुसत्या काड्या. मोठ्या माणसाला पलीकडचं दिसत नाही. खाली बसलं की सगळं दिसतं! रोज चारला मी मेथी घेऊन तिथे बसते. पलीकडे ती पाढे पाठ करत बसते. मधलं हे कुंपण सोळा महिन्यांएवढं रुंद... नाही, दोन फूट फक्त.
आज तिने काड्यांमधून बोट घातलं. दात पडला म्हणून दाखवत होती. मी बोट धरलं. शाईचं, चिकट. किती वेळ धरलं ते माहीत नाही.
"इथे बसलं की घरात रागवतात," ती कुजबुजली.
"मग जा."
गेली नाही. मीही उठले नाही.

११ नोव्हेंबर
ताप होता तिला. चार दिवस काड्यांपलीकडे कोणी नाही. मी रोज चारला बसले.

१२ डिसेंबर
आज अक्का आल्या. दीड वर्षानंतर पहिल्यांदा! मी मेंदीपाशीच बसले होते. त्या वळसा घालून आल्या आणि माझ्यासमोर मातीत बसल्या.
"मेघा, शेंडे का मारले नाहीस?"
मला वाटलं होतं, हे कोणाला कळत नसेल.
"हे कुंपण मी मागितलंय," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये भावजींना मीच फोन केला होता."
मला आधी समजलंच नाही. मग त्या हळूहळू बोलल्या. शाळेत बाईंनी आईचं चित्र काढायला सांगितलं. आयुषीने लांब वेणी काढली, कमरेपर्यंत. अक्कांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. आजारपणापासून त्यांचे केस मानेच्या खाली गेलेच नाहीत.
"ती तुला आई म्हणते. मला मम्मी. तापात पण तुझंच नाव. मी उशाशी बसलेली असताना!"
"अक्का, मी कधी शिकवलं नाही..."
"माहीत आहे गं. तू नसतीस तर ती जगली नसती. तुझ्यावर राग नाही माझा." त्यांनी माझा हात धरला, मेथीच्या पानांसकट. "पण मी परत आले ना, मेघा? मी तर परत आले ना!"
त्या उठून गेल्या. मेथी तशीच राहिली.
यांना विचारलं. हे चपलेची माती झाडत राहिले. मग म्हणाले, "तुला कसं सांगणार होतो? त्यापेक्षा भावावरचा राग सांगणं सोपं होतं."
सहा महिने हा माणूस माझ्यासाठी वाईट होत राहिला.

१४ डिसेंबर
कात्री घेतली. नुसते शेंडे मारून आता भागणार नव्हतं; खालून दाट फुटावी म्हणून मेंदी पार गुडघ्याखाली छाटली. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. हे मदतीला आले, मी नको म्हटलं. आयुषी शाळेत होती.

१५ डिसेंबर
छाटल्यामुळे आता सगळं अंगण उघडं पडलंय! ओट्यावरून ती हात हलवते. फुटवे दाटायला उन्हाळा उजाडेल. तोवर मी मागच्या दारी बसते. मेथीही तिकडेच निवडते.

९ फेब्रुवारी
खोडापासून फुटवे आलेत. एकेका काडीला चार-चार. पाणी रोज मीच घालते, ती शाळेत गेल्यावर.

३० मार्च
पाडवा. खाली बसून पाहिलं तर पलीकडची गुढी दिसली, वरचा तांब्या तेवढा. खालचं काही दिसलं नाही. दाट झाली.
अक्कांनी धुरपदाबाईबरोबर श्रीखंडाचा डबा पाठवला. मी पुरणपोळ्या पाठवल्या.

२६ एप्रिल
सकाळी पलीकडून हाक आली, "आई!"
मी ओ दिली नाही.
अक्कांनी दिली.