जुना नकाशा साइटवर गेला

मात्सुयामा, मंगळवार, ९ जून १९९२

ती. कियोहारुदादास,
मित्सुएचा सा. न. वि. वि.

फोनवर लिहिण्याइतकं बोलता येत नाही, ऑफिसात सगळे ऐकतात. तू इमारतींचे आराखडे करणारं आपलं ऑफिस माझ्या हाती सोपवून साप्पोरोला गेलास, त्यानंतर एवढी कधी घाबरले नव्हते.

एप्रिलमध्ये सुरू झालेल्या पाळणाघराच्या खांबांत सळयांभोवतीच्या रिंगा हव्या त्याच्या दुप्पट अंतरावर बसल्या आहेत. सुधारलेला नकाशा साइटवर गेलाच नाही, जुनाच गेला. पाठवण्याआधी दुसऱ्याने तपासून सही करायची, ही तुझी पद्धत मीच घाईत बंद केली होती. आज सकाळी बांधकामाचे फोटो फायलीला लावताना कळलं. मोठा भूकंप झाला तर? आत साठ मुलं असतात.

व्यवस्थापक इगावासान म्हणतात, बाई, आधी विमावाले, मग वकील, तोवर तोंड उघडू नका, नऊ जणांच्या पोटाचा प्रश्न आहे. मी गप्प आहे. काय करू?

तुझी,
मित्सुए

साप्पोरो, ११ जून

चि. मित्सुएस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी बशी फोडलीस तरी गल्लीभर सांगत सुटायचीस. आता कुठे गेली ती जीभ?

विमा, वकील, सगळ्यांना कळव. पण आधी मुलं बाहेर काढ.

एक गोष्ट बाबांनाही सांगितली नव्हती. माझ्या हातून एका वसतिगृहाचा जिना कच्चा राहिला होता. मी गप्प बसलो. अकरा वर्षं, जरा जमीन हलली की रेडिओला कान लावून त्या गावाचं नाव येतंय का ऐकायचो. इमारत पाडली तेव्हा न्हाणीघरात बसून रडलो. काहीच झालं नाही, म्हणून लोक मला भला माणूस समजतात. तुझ्या वाट्याला हे नको.

तुझा दादा

मात्सुयामा, १५ जून

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र शनिवारी सकाळी मिळालं. तशीच पाळणाघरात गेले. संचालिका मोरिओबाईंपुढे कपाळ टेकून सगळं सांगितलं. तासाभरात त्यांनी मुलं शेजारच्या देवळाच्या सभागृहात हलवली. खांबांना बाहेरून पोलादी आवरण चढवायचं ठरलंय. विमा किती देईल ठाऊक नाही. दोन कामं हातची गेली, इगावासान माझ्याशी बोलत नाहीत.

वाटलं होतं, मोरिओबाई चारचौघांत फाडून खातील. त्या ओरडल्याच नाहीत. एवढंच विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मंगळवारी, म्हटलं. त्या बोटांवर मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे चार दुपारी मुलं तिथंच झोपली.

दादा, माझ्यावरची माया कमी करू नकोस.

मित्सुए