तिलवाऱ्याच्या अलीकडे

चेरीताल, जबलपूर
सोमवार

प्रिय विभाताई,

पत्र पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, मग नीलकंठ भाऊजींना विचारशील की ही पमी आता पत्र काहून लिहून राहिली, हिचा फोन बिघडला का. फोन चांगला आहे. पण फोनवर तू ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवते’ याच्या पुढे बारा वर्षांत गेली नाहीस, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. बसले आहे म्हणणंही खोटंच. एवढ्या चार ओळी होईपर्यंत मी दोनदा उठून बॅग उघडली, पासपोर्ट जागेवर आहे का पाहिलं, गॅस बंद आहे का पाहिलं. गॅस तर मी पेटवलाच नव्हता.

बातमी अशी की तुझी बहीण एक्कावन्नाव्या वर्षी लंडनला चालली आहे. एकटी, आणि तेही बेचाळीस किलोमीटर पळायला. हसून घे, सगळा मोहल्ला हसून झाला आहे. शाळेत खो-खोच्या वेळी पोटात दुखतं म्हणून झाडाखाली बसणारी पमी ती हीच. फॅक्टरीतही गंमत झाली. आमची केंद्र सरकारची नोकरी, देशाबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘यात्रा का प्रयोजन’ असा रकाना होता, मी सरळ ‘दौड़ना’ लिहून दिलं. मोठ्या बाबूंनी बोलावून घेतलं, चष्म्यावरून पाहिलं नि म्हणाले, मैडम, दौड़ना कोई प्रयोजन नहीं होता, खेलकूद लिखिए. लिहिलं बापा खेलकूद. तेव्हापासून सेक्शनमधल्या पोरी मला खेलकूद दीदी म्हणतात.

हे मी मौजेसाठी नाही करून राहिली. इथे सिकलसेलच्या मुलांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे, दर रविवारी मी तिथे जाते. मुलांना रक्त चढवायला आणतात, तेव्हा त्यांच्या आयांपाशी बसते. पिवळे डोळे, हाडं दुखायला लागली की भिंतीकडे तोंड करून घेणं, सगळं तुझ्या अच्युतसारखंच. लंडनमधल्या तशाच एका संस्थेनं आमच्या संस्थेला शर्यतीत एक जागा दिली. आपल्या माणसाच्या पळण्यावर लोक मदत देतात आणि ती मुलांच्या औषधांना येते. आमचे डॉक्टर श्यामसुंदर जायचे होते, पण दिवाळीत त्यांचा गुडघा गेला. ते म्हणाले, दीदी, आप तो रोज़ दौड़ती ही हैं. मी हो म्हणून बसले, आणि मग रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

रोज पळते हे खरं आहे. आई गेल्यापासून. तेराव्याला सगळे पाहुणे गेले आणि मला घरात बसवेना. इकडची भांडी तिकडे कर, तिकडची इकडे. शेवटी स्कूटी काढली, मेडिकल कॉलेजच्या पुढे नागपूर रोडवर उभी केली आणि चालायला लागले. चालता चालता कधी पळायला लागले, कळलं नाही. नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. तीन वर्षं झाली, आता सुटीच्या दिवशी तीस किलोमीटरसुद्धा होतात, पण पुलाच्या तोंडाशी आले की पाय आपोआप वळतात. तिथला चहावाला एकदा म्हणालाही, दीदी, पार क्यों नहीं जातीं, उधर तो छाँव है. मी म्हटलं, आदत है भैया. खोटं सांगितलं. पलीकडे पाय टाकायची माझी हिंमत होत नाही.

पूल म्हटला की तुला काय आठवतं ते मला माहीत आहे. आईनं परिक्रमा अर्धवट सोडली होती आणि ती पुरी होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही, हा तिचा नेम. परिक्रमेत नर्मदामाई कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्येच पार केली की परिक्रमा खंडित झाली, मग सगळं केलेलं पाण्यात. आपण उत्तर काठावर आणि तुझं नागपूर पलीकडे. बसनं जा, रेल्वेनं जा, नदी आडवी येतेच. विमानाचं विचारलं तर म्हणायची, वरून ओलांडलं तरी ओलांडणंच ना गं. अच्युत शेवटचा दवाखान्यात होता तेव्हा तू अकरा दिवस रोज फोन केलास, आईला घेऊन ये, तो आजी आजी करून राहिला. ती आली नाही. त्यानंतर तू तिच्याशी बोलली नाहीस. तिच्या अंत्यविधीला ग्वारीघाटावर आलीस, तेव्हा चितेकडे पाहून मला एवढंच विचारलंस, नदी मोठी होती की नातू? आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस.

तुला तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. आज थोडं थोडं करून देते, एकदम द्यायला अजून जमत नाही. (मध्येच उठून पाणी पिऊन आले.) पहिलं हे, की ती परिक्रमा आईनं अच्युतसाठीच उचलली होती. तो पंधरा वर्षांचा होता आणि त्या वर्षी त्याला तिसऱ्यांदा भरती केलं होतं, आठव. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, असं तिचं म्हणणं, म्हणून तुलाही सांगितलं नाही. मला कळलं तेही ती तापात बडबडली तेव्हा. बासष्ट वर्षांची बाई, दुखरे गुडघे, कार्तिकात झोळी आणि काठी घेऊन निघाली. पुलापलीकडे पाय टाकला तर नवस मोडेल आणि पोर हातचं जाईल, अशी तिची खात्री होती. तिच्या हिशेबानं ती इथे चेरीतालमध्ये बसून त्याला धरून होती गं.

दुसरं, ती निघाली होती. दहाव्या दिवशी तुझा फोन आला नि तिनंच डोकं लढवलं. म्हणाली, ओलांडायचं नाही ना, मग अमरकंटकावरून फिरवून ने, उगमाला वळसा घालून. पाच-सहा तासांचं नागपूर, त्यासाठी दोन दिवसांचा रस्ता, मे महिन्याचं ऊन. टॅक्सी केली. अच्युतला आवडतात म्हणून तिनं तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात भरून मांडीवर घेतल्या होत्या. डिंडोरीच्या अलीकडे चहाला थांबलो आणि नीलकंठ भाऊजींचा फोन आला. आई गाडीतून उतरली नाही. डबा तसाच मांडीवर. म्हणाली, पमे, आता कोणाला भेटायला जाऊ? गाडी फिरव. विभाला सांगू नको की निघालो होतो, तिला वाटेल अजून लवकर निघायला पाहिजे होतं. तुला मी फोनवर सांगितलं, आईची तब्येत बरी नाही. तेही खोटं.

आता तिसरं. मी आणखी दोनदा उठले, बॅगेतली मोज्यांची जोडी काढून पुन्हा ठेवली, पण लिहिल्याशिवाय आता सुटका नाही. आई परिक्रमेत मंडल्याच्या अलीकडे आजारी पडली तेव्हा तिथल्या आश्रमातून मला फोन आला, मी बसनं पोचले. आई तापानं फणफणलेली, मला ओळखेना. काठावर डॉक्टर नव्हता. समोरच्या गावात होता, पलीकडे. आश्रमातले महाराज म्हणाले, बेटी, सोच लो. मी काय सोचणार? नाव बोलावली, तिला गोधडीत गुंडाळून आत निजवली. परिक्रमेच्या पाण्याची कुपी तिच्या पदराला बांधलेली, तीही तिच्यासोबत पार झाली. दीड दिवस तिकडे सलाइन लागलं, मग त्याच नावेतून परत आणली. तोवरही ती ग्लानीतच होती. शुद्धीवर आली ती आश्रमात. पहिला प्रश्न केला, माई उजव्या हातालाच आहे ना? मी म्हटलं, हो आई, डॉक्टर इथेच आले होते. तिला सांगू नका म्हणून महाराजांच्या मी पाया पडले, त्यांनी गुपित राखलं.

तेव्हा वाटलं, काय बिघडलं, तिचं मन राखलं. घरी आल्यावर ती रोज त्या कुपीला हळदकुंकू लावायची आणि मी बघायची. आणि मग ते तुझे अकरा दिवस आले. विभाताई, मी एक वाक्य बोलले असते, की आई, तू कधीच पार होऊन आली आहेस, तर ती त्याच दिवशी बसमध्ये बसली असती. मी नाही बोलले. रोज सकाळी ठरवायची आणि रोज वाटायचं, सांगितलं तर ती म्हणेल माझ्या मोडलेल्या नवसानं पोराला हे आलं, आणि खाणंपिणं सोडेल. आणि वाटायचं, अच्युत बरा होऊन घरी येईल, नेहमी येतो तसा. डिंडोरीच्या रस्त्यावर गाडीतसुद्धा बोलले नाही. ती गेली तेव्हाही नाही. शेवटपर्यंत ती नेम पाळत राहिली आणि मी तिला पाळू दिला.

दिल्लीहून जाणं सोपं होतं, तरी मी मुद्दाम नागपूरहून विमान घेतलं आहे. लंडनला शर्यतीत बरोबर अर्ध्यावर नदीवरचा पूल आहे, नकाशात पाहिला. तो ओलांडायचा तर आधी तिलवाऱ्याचा ओलांडायला हवा, आणि त्याच्याही आधी हे लिहायला हवं होतं. हे पत्र टपालात टाकत नाही, शेजारचे मुरलीधर काका बुधवारी नागपूरला येत आहेत, त्यांच्या हाती देते. म्हणजे मी येण्याआधी तुझं वाचून झालेलं असेल आणि दार न उघडण्याची मोकळीक तुला राहील. गुरुवारी पाचपर्यंत मी पोचते. दोनदा बेल वाजवीन, तिसऱ्यांदा नाही. आईची कुपी पायरीवर ठेवीन, ती तुझीच आहे. लंडनला पळणाऱ्याच्या छातीवर जे नाव असतं, ते रस्त्यावरची माणसं ओरडून म्हणतात. मी टी-शर्टवर अच्युतचं नाव छापून घेतलं आहे, तुला न विचारता. नको असेल तर सांग, बॅगेत कोराही घेतला आहे. माझ्यावर जेवढा राग धरायचा तेवढा धर. पण तो आईवरून काढून धर. ती येतच होती गं ताई, तिला पलीकडचा रस्ता मी दाखवला नाही.

तुझीच,
पमी