शहर दाखवलं, घर नाही

१८ मे, शनिवार. पिंप्राळा

निवडणुकीच्या ड्युटीचा थकवा अजून अंगात आहे, आणि उद्या निघायचं. जळगावहून रेल्वेने मुंबई, मुंबईहून बँकॉक. बायकोचं, रत्नाचं, शाळेचं प्रशिक्षण आहे, ती येत नाही. आई आणि मी. आईची बॅग तीनदा उघडून पाहिली. दोन साड्या तिच्या, बाकी सगळं माझ्या धाकट्या भावासाठी, नवीनसाठी — शेव, बिबडे, ठेचा.

नवीन अकरा वर्षांपासून तिथे आहे. तिकिटं त्यानेच पाठवली. त्याला आम्हाला शहर दाखवायचं आहे. आईचं म्हणणं वेगळं. "मले त्यानं घर दखनं शे. आनि अवंदा कानबाईले ये म्हनी सांगनं शे."

कानबाई, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण, श्रावणात, म्हणजे अजून पावणेतीन महिने. आदल्या दिवशी आई रोटासाठी, देवीच्या प्रसादासाठी, गहू घेते, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, त्याचं नाव घेऊन. वडील होते तेव्हा तीन पुरुष. आता दोन, मी आणि नवीन. रोट घरच्यांनी-भावकीनेच संपवायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही. अकरा वर्षांत कानबाईला नवीन एकदाच आला. बाकी दहा वर्षं त्याच्या वाटणीचाही रोट मीच खातो.

वडिलांची मूठ घेताना मात्र ती नाव घेत नसे. नुसती सुपात सोडायची. अजूनही त्यांचं नाव तोंडाने घेत नाही. पासपोर्ट काढायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, पतीचं नाव? आईने माझ्याकडे बोट केलं. मी सांगितलं, प्रेमराज. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली!

२० मे, सोमवार. बँकॉक

नवीन विमानतळावर आला होता. केस विरळ झालेत. तो आईच्या पाया पडला तेव्हा मागची माणसं थांबून बघत होती.

नवीनच्या गाडीत आई मागे बसली. बसल्या बसल्या पायाखालून काहीतरी उचललं आणि सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवलं. गाडीतही आवराआवर.

घराला रंग चालू आहे, वासाने आईचा दमा उठेल, म्हणून हॉटेल — असं तो म्हणाला. हॉटेल चांगलं आहे. खिडकीसमोरून, रस्त्याच्या वर, रेल्वे जाते.

आई म्हणाली, "रंग मारानं काम कितला दिन चालस?"

"इथे मजूर मिळत नाहीत, आई."

"म्हन्जे आपलागतच."

२१ मे, मंगळवार

नदीतून बोटीने गेलो. दोन्ही काठांना काचेच्या इमारती आणि मधूनच सोनेरी कळस. मग झोपलेला बुद्ध. एका टोकाला उभं राहिलं की पाय दिसतात, डोकं दिसत नाही. नवीन लांबी-उंची सांगत होता. आई पुष्कळ वेळ बघत राहिली. म्हणाली, "थकी गया व्हई बिचारा."

मलाही तिथेच आडवं व्हावंसं वाटलं.

जेवताना तिने पुन्हा घराचं काढलं. नवीन म्हणाला, उद्या उंच इमारतीवर जाऊ, सगळं शहर दिसतं.

२२ मे, बुधवार

अठ्ठ्याहत्तरावा मजला. तिथे एका कडेला जमीनच काचेची केली आहे. खाली मोटारी मुंग्यांएवढ्या. बुटांवर कापडी पिशव्या चढवून लोक चार पावलं टाकतात, किंचाळतात, फोटो काढून परत येतात. मी काठावरच थांबलो. आई पदर खोचून सरळ मधोमध जाऊन उभी राहिली. खाली बघत नवीनला विचारलं, "यामा तुनं घर कोनतं?"

त्याने बोट केलं. "ते तिकडे. नदीपलीकडे."

"काल त नदीना आलीकडे म्हने तू."

तो हसला. मी हसलो. आई हसली नाही. आजूबाजूची चार माणसं ती घाबरली असेल म्हणून हात द्यायला पुढे आली.

मी तिथेच विचारायला हवं होतं का? विचारलं नाही. तिकिटं, गर्दी, ऊन. कारणं मला नेहमी मिळतात.

२३ मे, गुरुवार

सकाळी डोक्यावरून पोहणारे मासे, दुपारी नदीतला बाजार, संध्याकाळी चौकातल्या ब्रह्मदेवापुढे नाच. आई नाच बघता बघता बाकावर झोपली. माझ्या तळपायाला फोड आलाय.

२४ मे, शुक्रवार

आज आई म्हणाली, तुम्ही जा, मी पाय वर करून पडते. नवीन मला खाली हॉटेलच्या चहाच्या दुकानात घेऊन गेला. चहा येण्याआधीच म्हणाला, "भाऊ, रंग वगैरे काही नाही."

बायको आहे. इथलीच, नोई नावाची. लग्नाला पाच वर्षं झाली. चार वर्षांचा मुलगा आहे. आम्ही आल्यापासून ती दोघं घरीच आहेत आणि हा रोज रात्री जाऊन त्यांना आज काय काय दाखवलं ते सांगतो. फोटो दाखवला. कान आमच्या घराण्याचे. उभे.

"नाव?"

"प्रेमराज. इथे नुसतं प्रेम म्हणतात. इथेही चालतं ते नाव."

मी फोटो परत दिला. मग रागावून म्हणालो, आईने काय केलं असतं? आरडाओरडा? तो म्हणाला, आरडाओरडा चालला असता. "सहा वर्षांपूर्वी कानबाईला आलो होतो ते नोईबद्दलच सांगायला. आठवतं ना तेव्हा काय झालं?"

आठवतं. चुलतभाऊ पुना त्याच्या नव्या बायकोला घेऊन आला होता. ती दुसऱ्या जातीतली. पंगत बसली, आणि आईने तिच्यासमोरचं ताट उचललं. रोट दुसऱ्याच्या पोटात जायला नको, म्हणाली. ती पोरगी हात धुवायला उठली, जेवायच्या आधीच. नवीन माझ्या डाव्या हाताला बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. मी रोट मोडत होतो.

"माझ्या पोरासमोरचं ताट उचललेलं मला बघायचं नाही, भाऊ. मला वाटलं, आईला शहर दाखवावं. खूश होऊन जाईल."

मी कबूल केलं, सांगणार नाही.

वर गेलो. आई जागीच होती. "काय म्हने नवीन?"

"काही नाही. कामाचं."

खोटं बोललो. आजवर निदान गप्प बसत होतो. तेही खोटंच होतं का, हे आता कोणाला विचारू.

२५ मे, शनिवार. विमानतळ

आईने बॅग उलटी करून सगळं नवीनच्या हवाली केलं. दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. पण घराचा विषय काढला नाही. कानबाईला ये, हेही म्हणाली नाही. ज्यासाठी आली ती दोन्ही वाक्यं तिने परत नेली.

तिने विचारलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्याची दिवसभर लाज वाटते आहे.

२ जून, रविवार. पिंप्राळा

गल्लीतल्या बायका फोटो बघायला आल्या. भिकुबाई आईला म्हणाल्या, "काचवर उभी राहिनी व तू? तुनी त कमालच." मग सगळ्यांना जे हवं होतं तेच विचारलं, "नवीननं घर कसं शे?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. मागून आईचा आवाज आला. "मोठं शे. नवा रंग देल शे."

आई खोटं बोलत नाही. अब्रूसाठी बोलली असेल. तिच्यावर ही वेळ आम्ही दोघांनी आणली.

३ जून

रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नवीनभाऊंना वचन दिलं, की स्वतःची सोय बघितली?" मग भाजी निवडायला लागली.

१४ जुलै, रविवार

नवीनचा फोन. आधी जळगावातल्या पावसाचं, मग आईच्या दम्याचं. शेवटी — "सांगितलं नाहीस ना?" नाही. मागे पोरगं काहीतरी गात होतं. मी फोन कानाला जरा जास्त वेळ धरून ठेवला.

आई दारातच उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

वर्ग, पेपर, चाचणीचे गुण. परवा गहू. नवीन येतो की नाही, हे आईने मला विचारलंही नाही. दोन मुठींची तयारी.

१० ऑगस्ट, शनिवार

आईने सूप पुढ्यात घेतलं. "योगेंद्र," म्हणून सव्वा मूठ. "नवीन," म्हणून सव्वा मूठ. मी उठायला लागलो. तिने पुन्हा मूठ भरली आणि तशीच सुपावर धरली.

"गाडीमा एवलासा बूट व्हता," म्हणाली. "पोऱ्या शे ना?"

मी मान हलवली.

"नाव काय शे त्यानं?"

मी सांगितलं.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग ती मूठ तिने नाव न घेता सोडली. वडिलांची सोडायची तशीच.