बोरिअलिसमधली धाकटी खोली

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
८ मे १९९७

ती. वृंदाताईस,
धाकट्या प्रभाचा पाया पडून नमस्कार.

सुरेखाच्या हाती पाठवलेल्या कुरडया, सांडगे आणि मसाला पोचला. थोड्या कुरडया मोडल्या, त्यांची भाजी करीन. ऑटोवाल्यानं स्टेशनापासून पन्नास मागितले, पस्तीस दिले. देवाच्या कृपेनं इथं सगळे ठीक. हे ऑगस्टमध्ये रिटायर होतील, मग हे सरकारी क्वार्टर सोडायचं.

गौरवनं गुडगावला फ्लॅट घेतलाय हे मागं लिहिलंच होतं. इमारतीचं नाव बोरिअलिस. मी विचारलं, "ही कुठली रे देवी?" तर म्हणे, "बिल्डरला विचार." बिल्डरचा माणूस म्हणाला, "माताजी, फॉरेन का नाम है, बढ़िया है." शेवटी शेजारच्या लुंबिनीला धरलं. चंद्रपूरची पोर, बॉटनी घेऊन यूपीएससी करतेय. ती म्हणाली, लॅटिन शब्द आहे, म्हणजे उत्तरेकडचा.

मग काय, माझं विचारणं थांबेना. तिनं पुस्तकात एक फूल दाखवलं, थंड रानातलं. एका देठाला दोन घंटा, नावात बोरिअलिस. उत्तरेकडच्या आकाशात रात्री उजेडाचे हिरवे पडदे हलतात, त्यांनाही तेच नाव. एक देवमासासुद्धा बोरिअलिस. "पण काकू, तो दक्षिणेच्या समुद्रातही जातो बरं का!" मी म्हटलं, मग नाव कशाला? "ज्यानं ठेवलं त्याला उत्तरेत दिसला असेल. काकू, एवढं तर इंटरव्ह्यूलाही नाही विचारत!"

परवा मध्यरात्री वीज गेली, तेव्हा गच्चीवर तिनं तारे दाखवले. उत्तर मुकुट, त्याच्याही नावात बोरिअलिस. अर्ध्या बांगडीसारखा. उत्तरेचा म्हणावा तर जवळजवळ डोक्यावरच होता.

फ्लॅट चांगला आहे. देवघराला ईशान्येचा कोपरा मिळाला. फक्त धाकट्या खोलीत बिल्डरनं भिंतीतलं कपाट असं केलं होतं, की पलंग उत्तरेला उशी करूनच बसेल. मी म्हटलं, काढा कपाट. बिल्डरचा माणूस हसला, गौरव वैतागला. "आई, बिल्डिंगचं नावच उत्तर आहे, तू डोकं कुठंकुठं वळवशील? आणि झोपणार कोण तिथं?" मी घरखर्चातून साठवलेले पैसे सुताराला दिले. आता उशी पूर्वेला येते. खिडकीतून सकाळचं ऊन येतं. पलीकडं अजून सरसूची, म्हणजे आपल्या मोहरीची, शेतं आहेत, सध्या कापलेली.

ताई, ती खोली तुझ्यासाठी आहे.

तुझ्या मागच्या पत्रात होतं, "मागच्या खोलीला चुना कधी मारून घेऊ? तुम्ही दिवाळीला येणार की आधी?" ते पत्र मी देवापाशी ठेवलंय, रोज बघते. भावोजी गेले तेव्हा तुझा हात धरून मीच म्हटलं होतं, ह्यांची नोकरी संपली की आम्ही वर्ध्याला तुझ्यापाशी. तू त्या भरवशावर भाडेकरू ठेवला नाहीस.

चुना मारून घेऊ नकोस.

गौरवनं अडवलं असं लिहिणार होते. ते खोटं ठरेल. हे तर सामान बांधायला तयार होते. मीच नको म्हणाले. आल्यापासून ह्या शहराला नावं ठेवली, आणि आता सोडवत नाही. इथं मला कुणी विचारत नाही की बाई, तुला काय करायचंय ते जाणून. लुंबिनीनं तिचं जुनं ताऱ्यांचं पुस्तक मला दिलंय. मी पदर खोचून वाचत बसते, हे हसतात.

तुला तुळस, विठोबाचं देऊळ, शेजारच्या अहिल्याबाई सोडून ये म्हणणं सोपं नाही, कळतं मला. रागावशील. रागाव. पण अबोला धरू नकोस, तो मला आईचाही सोसला नाही. येत नसशील तर तसं लिही, मग मीच वर्ध्याला येऊन तुझ्यासमोर बसते आणि बोलणी खाते. येणार असशील तर गौरव न्यायला येईल.

काय ते दोन ओळींत, पण परतीच्या टपालानं कळव.

तुझी,
शब्द न पाळलेली
प्रभा