घोड्याचं तोंड

उचगाव, जि. कोल्हापूर
ता. २८ नोव्हेंबर १९५४

ती. सौ. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बाळाला दात आले ते वाक्य आण्णांनी मला दोनदा वाचायला लावलं. त्यांना आता नुसता उजेड आणि सावली कळते. माझी शाळेतली नोकरी कायम झाली. या आठवड्यात मुलींना ‘सत्य’ या विषयावर निबंध दिला आणि घरी येताना मलाच लाज वाटली.

तू विचारतेस, कानपूरहून दादाचं मला एक अक्षर नाही, मग आण्णांना दर शनिवारी बुद्धिबळाच्या खेळीचं कार्ड कसं येतं? ताई, कार्ड येत नाही. पावसाळ्यापर्यंत यायचं. आता मी एक जुनंच कार्ड हातात धरून दादाची म्हणून खेळी वाचते आणि सोंगटी हलवते. आण्णा पट चाचपून आपली खेळी करतात.

दिवाळीनंतर नवा डाव मांडला. आण्णांचा घोडा आमच्या राजापुढच्या प्याद्यावर चालून आला. त्या प्याद्याला जोर द्यायला वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवावं, की वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढावा? मी प्यादंच सरकवलं असतं. दादानं घोडा काढला असता, आणि त्याचं तोंड मागं, आपल्याच राजाकडे करून ठेवलं असतं. त्याची ती खोड तुला आठवत असेल. माझं ठरेना. “या शनिवारी कार्ड नाही,” एवढंच आण्णांना म्हणाले. मनातलं कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी आण्णांना टांग्यानं कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. घराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. परत येऊन दार उघडलं, तर घोडा बाहेर होता. तोंड मागं.

मी तो जागेवर ठेवणार, तोच आण्णा पटाशी बसले. त्यांची बोटं घोड्याच्या मानेवर थांबली.

“शालन, ही खेळी तू केलीस व्हय?”

मग मला लपवणं झेपेना, त्यांना सगळं सांगून टाकलं. तुलाही आत्ताच सांगते. दादा जुलैत गेला, ताई. विषमज्वरानं. तार माझ्या हातात पडली. आण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. तेही जातील या भीतीनं मी ती ट्रंकेत लपवली, आणि तुला कळवायचं रोज उद्यावर टाकलं. मला क्षमा कर.

आण्णांनी घोड्यावरचं बोट काढलं नाही. “तारवाला आला तवा माझं डोळं गेलतं पोरी, कान न्हाय. तू वाचतीस म्हणून मी खेळत हुतो. तुझ्या घोड्याचं तोंड कायम फुडं असतंय की. पर ह्यो कुणी काढला?”

मग त्यांनी आपला उंट बाहेर काढला. “बघू काय करतोय,” म्हणाले, आणि दोन भाकरी जेवले. जुलैपासून पहिल्यांदा.

काल शनिवार होता. मी काही वाचलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या दोन खेळ्या मला सुचतात. पटावर दादाचीच खेळी यावी म्हणून त्या मी मनातही स्पष्ट येऊ देत नाही.

लगेच निघून ये. रडायचं ते माझ्याजवळ रड. पटाला मात्र हात लावू नकोस. आता खेळी त्याची आहे.

तुम्हा दोघांची धाकटी,
शालन